गाण्याचा धनी कोण?

यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळंब हें तालुक्याचें गांव आहे. विदर्भाबाहेरील वाचकांस तें ठाऊक असलेंच तर तेथील चिंतामणीमुळें. देवालय जमिनीच्या पातळीखालीं आहे. पायऱ्या उतरून गणपतीपुढें जावें लागतें, आणि तेथेंच पाण्याचें कुंड आहे. घरांत लग्न निघालें कीं पहिली पत्रिका ह्या पायऱ्या उतरून चिंतामणीच्या चरणीं ठेवावी, अशी ह्या बाजूच्या अनेक कुटुंबांची रीत आहे. त्यानंतर दुसरी फेरी होते ती छायाचित्रकाराच्या दुकानीं.

गेल्या वैशाखांत ह्या गांवच्या एका व्यापारी कुटुंबांत आजी-आजोबांच्या विवाहास पन्नास वर्षें पूर्ण झालीं. माझा एक जुना विद्यार्थी तेथें छायाचित्रणाचा धंदा करतो. त्यानें घरांतील जुन्या पेट्यांतून, भिंतीवरील चौकटींतून आणि नातेवाइकांच्या आल्बमांतून दीडशें चित्रें गोळा केलीं, त्यांवरील डाग पुसले, तीं एकामागून एक सरकतील अशा रीतीनें गुंफिलीं आणि त्यांखालीं एक जुनें हिंदी चित्रपटगीत घातलें. गीताची निवड आजीबाईंचीच होती. त्यांच्या लग्नाच्या सालीं तें रेडिओवर नित्य वाजत असे. समारंभांत ही चित्रमाला दाखविली तेव्हां मांडवांतील पुष्कळांचे डोळे ओले झाले. दुसऱ्या दिवशीं परदेशस्थ नातवास पाहतां यावी म्हणून ती इंटरनेटवर चढविली, आणि थोड्याच वेळांत तिचा आवाज आपोआप बंद करण्यांत आला. चित्रें सरकत होतीं. गाणें गप्प होतें. यजमान कुरकुरूं लागले, ठरलेल्या रकमेचा उरलेला भाग अडकला, आणि विद्यार्थी माझ्या घरीं आला.

"सर," तो म्हणाला, "मांडवात डी. जे. वर वाजलं तर चालते. मंग फोटोखाली वाजलं तर थे चोरी कशी काय?"

मी इतिहासाचा शिक्षक, वकील नव्हें. परंतु विचार करतां असें ध्यानांत आलें कीं त्याच्या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या कलमापेक्षां इतिहासांतच अधिक स्पष्ट सांपडतें. चित्र आणि गाणें हीं शेजारीं शेजारीं नांदत होतीं तोंवर हा प्रश्न उद्भवलाच नाहीं. तीं एकाच पट्टीवर बांधलीं गेलीं तेव्हां तो जन्मास आला. ही बांधणी कशी झाली, तें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

सरकत्या चित्रांस गाण्याची जोड देण्याची हौस महाराष्ट्रांत आजची नाहीं. 1892 च्या सुमारास कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनीं 'शांबरिक खरोलिका' ह्या भारदस्त नांवानें एक खेळ सुरू केला. कांचेच्या पट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं चित्रें कंदिलाच्या प्रकाशानें पडद्यावर मोठीं करून दाखवावयाचीं, एकामागून एक अशीं बदलावयाचीं कीं तीं हालतात असा भास व्हावा, आणि बाजूस उभें राहून कथा सांगावयाची, गाणीं म्हणावयाचीं, असा हा प्रकार. पुढें त्यांच्या मुलांनींही तो चालविला. आज ज्यास आपण स्लाइड-शो म्हणतों त्याचा हा मराठी पणजोबा होय. पुढें 3 मे 1913 रोजीं मुंबईस दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. तोही मुका, मूकपटांच्या त्या काळांत तबला-पेटीवाले पडद्यापाशीं बसत आणि प्रसंगास साजेल तें वाजवीत. तें गाणें त्या रात्रीं त्या थिएटरांत जन्मे आणि तेथेंच विरे. दुसऱ्या दिवशीं पेटीवाल्यानें निराळें कांहीं वाजविलें तरी चित्राचें कांहीं बिघडत नसे.

मग त्या काळीं गाण्यास धनी नव्हता काय? असें मानणें भाबडेपणाचें होईल. कायदा नव्हता तेथें कुलूप होतें. घराण्याची चीज ही घराण्याची मिळकत समजली जाई. उस्तादांनीं शिष्यास अस्ताई द्यावी आणि अंतरा मागें ठेवावा, वर्षानुवर्षें सेवा घ्यावी आणि एखादा अनवट राग मुलाकरितां राखावा, अशा कथा आपण सर्वांनींच ऐकल्या आहेत. त्यांत अतिशयोक्ति असेल. पण तिच्या मुळाशीं साधें अर्थशास्त्र आहे. ज्या गवयाचें पोट त्याच्या चिजांवर, त्यानें त्या चिजा वाऱ्यावर कां सोडाव्यात? पंडित विष्णु नारायण भातखंडे हे पेशानें वकील. 1904 पासून देशभर फिरून त्यांनीं ह्याच कुलुपांशीं झुंज घेतली. कोठें आर्जव करून, कोठें स्वत: शिष्य होऊन त्यांनीं शेंकडों चिजा मिळविल्या, त्यांचें स्वरलेखन केलें आणि क्रमिक पुस्तकांच्या रूपानें त्या सर्वांच्या हातीं दिल्या. आपला संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध करतांना त्यांनीं त्यावर स्वत:चें नांवही न घालतां 'चतुरपंडित' हें टोपणनांव घातलें. हें औदार्य थोर होय ह्यांत शंका नाहीं. परंतु ज्या घराण्यांच्या चिजा छापल्या गेल्या त्यांच्या वंशजांस त्या वेळीं काय वाटलें असेल, हा प्रश्नही इतिहासानें विचारला पाहिजे. ज्ञान मोकळें झालें, आणि त्याच क्षणीं कोणाची तरी शिदोरी सरली. ह्या दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, आणि पुढील साऱ्या वादाचें बीज ह्यांतच आहे.

मराठी रंगभूमीची गोष्ट अधिक मौजेची आहे. 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. त्यांतील पदांचे शब्द अण्णासाहेबांचे. चाली मात्र कीर्तनांतल्या, लावणींतल्या, बायकांच्या गाण्यांतल्या आणि कानडी मुलुखांतल्या. पुढें 1911 सालीं खाडिलकरांच्या 'मानापमाना'स गोविंदराव टेंबे ह्यांनीं चाली दिल्या, 1916 सालीं 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखल्यांनीं दिल्या. त्यांतही ठुमऱ्या आणि ख्याल ह्यांचेंच सोनें नव्या सांच्यांत ओतलेलें होतें. ह्यास कोणी चोरी म्हटलें नाहीं. कां म्हटलें नाहीं ह्याचें एक कारण त्या नाटकांच्या छापील प्रती उघडल्या म्हणजे दिसतें. पदाच्या डोक्यावर 'चाल' असा शब्द छापून, ज्या मूळ चिजेवर तें बसविलें तिचे पहिले शब्द सरळ दिलेले असत. ऋण छापून कबूल केलें जाई. पैसा दिला जात नसे, हें खरें. पण घेणारा सावकाराचें नांव लपवीत नसे. आमच्या संगीत नाटकाची ही रीत मला आज फार मोलाची वाटते.

युरोपांत ह्याच प्रश्नाची वाट निराळ्या दिशेनें गेली, कारण तेथें गाणें आधीं कागदावर उतरलें. छापील स्वरलिपि विकली जाऊं लागली तेव्हां ती दुसऱ्यानें छापूं नये असें रचनाकारास वाटणें ओघानेंच आलें. इंग्लंडांत ग्रंथस्वामित्वाचा पहिला कायदा 1710 चा. तो पुस्तकांपुरता कीं संगीतासही लागू, हा वाद योहान ख्रिश्चन बाख ह्या संगीतकारानें न्यायालयांत नेला, आणि 1777 सालीं लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनीं संगीतही लेखनच होय असा निवाडा दिला. पण छापणें निराळें आणि वाजविणें निराळें. त्याचा निकाल पॅरिसच्या एका उपाहारगृहांत लागला. 1847 सालीं एर्नेस्त बूर्जे नांवाचा गीतकार तेथें बसला असतां त्याचेंच गीत वाजूं लागलें. त्यानें पेयाचे पैसे देण्याचें नाकारलें. तुम्ही माझें गाणें फुकट वापरतां, मग मी तुमचें साखरपाणी फुकट कां पिऊं नये, असा त्याचा कोटिक्रम. प्रकरण न्यायालयांत गेलें, गीतकार जिंकला, आणि 1851 सालीं फ्रान्सांत गीतकार व संगीतकार ह्यांच्या वतीनें पैसे गोळा करणारी संस्था उभी राहिली. आज आपल्याकडील हॉटेलवाल्यांस वसुलीचीं पत्रें पाठविणाऱ्या संस्थांचें कुलदैवत हें साखरपाणीच होय.

हिंदुस्थानांत 1902 च्या नोव्हेंबरांत गौहरजान ह्यांचें गाणें कलकत्त्यास तबकडीवर उतरलें. गाण्याच्या शेवटीं त्या आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें उच्चारीत. तबकड्या दूर जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गाणारीण ओळखतां यावी म्हणून ही योजना, असें सांगतात. कारण कांहींही असो. तबकडीच्या पोटांत गाणाऱ्याचें नांव कोरलें गेलें, हा एक शुभ योग होता. तबकडीची मालकी मात्र ती काढणाऱ्या कंपनीकडे राहिली. गाणें आतां हवेंत विरणारें उरलें नव्हतें. तें वस्तु झालें होतें, आणि वस्तु म्हटली कीं दुकानदार आला.

1911 च्या ब्रिटिश कायद्यानें, आणि त्याच्याच आधारें झालेल्या 1914 च्या हिंदी कायद्यानें, ही नवी अवस्था ओळखली. संगीतरचनेची तबकडी काढणें अथवा ती चलच्चित्राच्या पट्टीवर घालणें हा रचनाकाराचा अधिकार होय, असें त्यांत स्पष्ट लिहिलें गेलें. बोलपट निघण्यापूर्वी कित्येक वर्षें कायद्यानें त्याची चाहूल घेतली होती, ही नवलाची गोष्ट आहे. मग 14 मार्च 1931 रोजीं 'आलम आरा' आला, आणि 1932 सालीं प्रभात कंपनीनें 'अयोध्येचा राजा' हा बोलपट मराठींत आणला. हरिश्चंद्राची तीच कथा एकोणीस वर्षांनंतर बोलूं लागली. त्यांत हरिश्चंद्राची भूमिका करणारे आणि संगीत देणारे गृहस्थ कोण? तेच गोविंदराव टेंबे, ज्यांनीं जुन्या चिजा मानापमानांत गुंफिल्या होत्या. एका माणसाच्या हयातींत गाणें बैठकींतून रंगभूमीवर, आणि रंगभूमीवरून फिल्मच्या पट्टीवर गेलें. पडद्यापाशीं बसणारा पेटीवाला उठून गेला. चित्र आणि स्वर ह्यांची गांठ कायमची बसली.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर ह्या गांठींत आहे. मांडवांत गाणें वाजतें तेव्हां तें पटवर्धनांच्या कंदिलाशेजारच्या गाण्यासारखें असतें. वाजलें आणि संपलें. 1957 चा आपला कायदा 21 जानेवारी 1958 पासून अमलांत आला. त्यांत 1994 च्या दुरुस्तीनें अशी सवलत आली आहे कीं धार्मिक विधींत, आणि त्यांतच लग्नाची वरात व विवाहाशीं निगडित इतर सामाजिक समारंभ ह्यांत, गाणें वाजविणें हा स्वामित्वाचा भंग समजूं नये. हा सवलतीचा परीघ किती, ह्यावर अजून वाद चालतात. केंद्र सरकारच्या संबंधित खात्यानें 24 जुलै 1923 नव्हे, तर अगदीं अलीकडे, 24 जुलै 2023 रोजीं ह्याच आशयाची जाहीर सूचना काढली. गोवा सरकारनें 30 जानेवारी 2024 रोजीं परिपत्रक काढलें, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें तें रद्द ठरविलें. कायद्यांतील सवलत कायम आहे. तिचा अर्थ परिपत्रकानें ताणतां येत नाहीं, इतकेंच त्यावरून समजावयाचें.

परंतु छायाचित्रकार जेव्हां तेंच गाणें चित्रांच्या मालेवर चढवितो, तेव्हां तो गाणें वाजवीत नसतो. त्याची नवी प्रत काढीत असतो. ती प्रत तो गिऱ्हाइकास मोबदला घेऊन देतो. घरापुरत्या खासगी उपयोगासाठीं कायद्यांत थोडी मोकळीक आहे. पण दुसऱ्याकरितां धंदा म्हणून केलेल्या कामास तिचा आसरा घेणें कठीण. आणि ह्या एका गाण्याचे धनी तरी किती! शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण कंपनीचें. प्रत्येकाचा हक्क निराळा. मांडवाची सवलत चित्रमालेच्या उंबऱ्याशीं थांबते ती ह्यामुळें.

येथें कोणी म्हणेल, कंपन्यांच्या तिजोऱ्यांची चिंता कळंबच्या गरीब फोटोवाल्यानें कां वाहावी? आक्षेप पोकळ नाहीं. 1977 सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं निर्मात्यानें मोबदला देऊन चित्रपटाकरितां करवून घेतलेल्या गीताचा पहिला धनी, उलट करार नसल्यास, निर्माताच. त्याच निकालास पुरवणी जोडतांना न्यायमूर्ति कृष्ण अय्यर ह्यांनीं, ज्याच्या कंठानें गाणें जिवंत होतें त्या गायकास कायद्यांत स्थानच नाहीं, ह्याकडे लक्ष वेधलें होतें. पस्तीस वर्षें कवि आणि संगीतकार ह्यांच्या हातीं फारसें कांहीं उरलें नाहीं. 2012 सालीं कायदा बदलला. चित्रपटगृहाबाहेर गीताचा जो उपयोग होईल त्यांतील समान वाटा कवि व संगीतकार ह्यांचा, आणि तो त्यांच्याकडून लिहून घेतां येणार नाहीं, असें ठरलें. म्हणजे आज गाणें परवानगीशिवाय घेतलें तर कंपनीबरोबर कवीचाही घांस जातो. हा फरक लोकांच्या अद्याप ध्यानीं आलेला नाहीं.

मीं हें सर्व विद्यार्थ्यास सांगितलें. त्याचें समाधान झालें नाहीं, हें त्याच्या मुद्रेवरून दिसत होतें. मग मीं त्याला त्याचीच एक जुनी तक्रार आठवून दिली. दोन वर्षांपूर्वी त्यानें पहाटेच्या उजेडांत चिंतामणीच्या देवळाचें एक सुरेख छायाचित्र घेतलें होतें. पुढें तें गांवांतल्या एका फ्लेक्सवर, शुभेच्छुकांच्या दहा-बारा मुखकमलांच्या मागें, त्याला न विचारतां झळकलें. त्याचें नांव खालच्या कोपऱ्यांत होतें तेंही कापून टाकलेलें. त्या दिवशीं तो तणतणत माझ्याकडे आला होता. "सर, माझी सकाळ गेली त्याच्यात," असें तो म्हणाला होता. आतां मीं त्याला एवढेंच विचारलें, कीं त्या गाण्यांत कोणाची सकाळ गेली असेल? तो कांहीं वेळ बोलला नाहीं. लग्नाच्या फोटोंची गोष्ट आणखी निराळी आहे. गिऱ्हाइकानें पैसे देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला धनी, वेगळा करार नसल्यास, गिऱ्हाईकच असतो. म्हणजे निर्मात्याच्या गीताविषयीं न्यायालयानें जें म्हटलें तेंच छायाचित्रकाराच्या वांट्यासही आलें आहे. कवि आणि फोटोवाला हे दोघे एकाच पंगतींत बसले आहेत, हें त्याला त्या दिवशीं प्रथम कळलें.

तथापि उपदेश करून मोकळें होणें हें मास्तरांचें जुनें व्यसन आहे, आणि त्यानें प्रश्न सुटत नाहीं. ज्या कायद्याचें पालन करण्याची वाटच सामान्य माणसास सांपडत नाहीं, तो कायदा अर्धाच समजावा. तालुक्याच्या गांवीं एका घरगुती चित्रमालेकरितां एका गाण्याची रीतसर परवानगी पाहिजे असेल, तर कोणाच्या दारीं जावें आणि किती पैसे मोजावे, हें माझ्या विद्यार्थ्याला विचारूनही कळलें नाहीं. मोबदला भरून कोणासही वापरतां येईल असें तयार संगीत इंटरनेटवर विकत मिळतें. पण त्यांत आजीबाईंच्या लग्नाचें साल नसतें. शंभर-दोनशें रुपये घेऊन एका घरापुरती अशी परवानगी देणारी सोपी व्यवस्था जर हक्कदारांनीं मिळून उभारली, तर गांवोगांवचे किती तरी छायाचित्रकार ती आनंदानें घेतील, असें मला वाटतें. चोरी बंद करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे दुकान उघडें ठेवणें.

तोंवर एक वाट इतिहासानेंच मोकळी ठेवली आहे. स्वामित्व अमर नाहीं. पूर्वी कर्त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षें तें टिके. रवींद्रनाथ 1941 सालीं वारले. त्यांच्या ग्रंथांची मुदत 1991 अखेर संपत आली तेव्हां 1992 सालीं ती मुदत 60 वर्षें करण्यांत आली. ध्वनिमुद्रणाचीही मुदत प्रकाशनानंतर 60 वर्षांचीच. म्हणजे 1950 सालीं निघालेल्या तबकडीवरील हक्क 2010 अखेर संपला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर 1948 सालीं गेले, म्हणून त्यांचे शब्द 2008 अखेर मोकळे झाले. गोविंदराव टेंबे 1955 सालीं गेले, म्हणून त्यांच्या चाली 2015 अखेर मोकळ्या झाल्या. मानापमानाचीं पदें आज कोणीही गावीं, कोणीही मुद्रित करावीं. नव्यानें गाइलेल्या मुद्रणाचा धनी तें करविणाराच.

हा हिशेब ऐकून विद्यार्थी उठला. पंधरा दिवसांनीं त्यानें मला ती चित्रमाला पुन्हां दाखविली. गांवांतल्या पेटी शिकविणाऱ्या मास्तरांनीं साथ केली होती आणि त्याच कुटुंबांतील एका शाळकरी मुलीनें मानापमानांतलें एक पद म्हटलें होतें. तान कच्ची होती, सूर एक-दोन ठिकाणीं ढळला होता. आजीबाईंनीं आपलें हिंदी गाणें नाहीं म्हणून आधीं नाक मुरडलें. पुढें नात गातें आहे हें कळल्यावर ती माला तीनदां लावावयास सांगितली. यजमानांनीं राहिलेले पैसे दिले. पेटीच्या मास्तरांस आणि मुलीस त्यांतून पाकिटें गेलीं.

शेवटच्या चित्रावर पांढऱ्या अक्षरांत चार ओळी होत्या: शब्द खाडिलकर, चाल टेंबे, मग गाणारी, मग पेटीवाले. जुन्या नाटकाच्या पुस्तकांतली ती 'चाल' मला आठवली. मीं त्याला शाबासकी दिली. तो हंसून म्हणाला, "सर, ह्या घरचं जमलं, पण पुढच्या लग्नवाल्याला ह्या महिन्यातल्या पिक्चरचं गाणं पाहिजे. त्याचं काय करू?"

त्याला देण्यासारखें उत्तर अजून माझ्यापाशीं नाहीं.